केसपेपरवर नुसता 'पाच' लिहून पोराचं भविष्य सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, त्यातली शेवटची एकोणीस लहान मुलांच्या आयसीयूत, सगळी नोकरी विदर्भातच झाली, आता रिटायर आहे. दरवर्षी पावसाळा लागला की पेपरात बातम्या सुरू होतात, अमुक तालुक्यातलं सहा वर्षांचं मूल तापानं कोमात, डॉक्टरांनी आशा सोडली. वाचलं की माझ्या डोळ्यापुढे त्या पोराचा केसपेपर येतो. त्यावर कोपऱ्यात लिहिलेलं असणार, जीसीएस ५. पुढे मागे काही नाही. आणि त्या एका आकड्यावर सगळं घर रडत बसलेलं असणार. त्या आकड्याबद्दलच लिहायचं आहे, थोडं लांबेल पण कृपया छापा.

हा जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट ह्या दोन न्यूरोसर्जन डॉक्टरांनी काढला. पेशंट डोळे कसे उघडतो त्याचे ४ मार्क, बोलतो कसा त्याचे ५, हातपाय कसे हलवतो त्याचे ६, एकूण १५, आणि काहीच केलं नाही तरी प्रत्येकाचा १ धरून ३, त्याच्या खाली जात नाही. ८ किंवा कमी आला की आपण कोमा धरतो. साधं आहे, टॉर्च आणि आपले दोन हात पुरतात, म्हणून तर जगभर चाललं. पण ते बनलं डोक्याला मार लागलेल्या मोठ्या माणसांसाठी. आठ महिन्यांच्या बाळाला तुम्ही "बाळा तुझं नाव काय, आज वार कोणता" असं विचारणार का? म्हणून लहान मुलांसाठी त्यात बदल केलेत, बाळ नेहमीसारखं हुंकारतंय, बोबडं बोलतंय तर ५, चिडचिडं रडतंय तर ४, दुखवल्यावरच रडतंय तर ३, नुसतं कण्हतंय तर २. हा तक्ता मी कितीतरी दवाखान्यात भिंतीवर बघितलाच नाही, मोठ्यांचाच तक्ता लावलेला आणि त्यावरच दीड वर्षाच्या पोराला मार्क दिलेले.

दुसरं म्हणजे बेरीज. सहा मार्क दोन मुलांना मिळाले तरी ती दोन मुलं सारखी नसतात हो. एक पोरगी डोळे उघडत नाही, आवाज काढत नाही, पण नखावर पेन दाबला की हात मागे ओढते, ती १ अधिक १ अधिक ४, झाले सहा. दुसरं पोरगं दुखवलं की डोळे थोडे उघडतं, कण्हतं, पण हातपाय लाकडासारखे ताठ करून मनगट आत वळवतं, २ अधिक २ अधिक २, तेही सहाच. आता कोणीही अनुभवी सिस्टर सांगेल की ह्या दुसऱ्या पोराजवळून रात्रभर हलायचं नाही. हातपायाचा मार्क सगळ्यात जास्त सांगून जातो, आणि बेरीज केली की नेमका तोच दिसेनासा होतो. टीसडेल साहेबांनी स्वतः पुढे हेच सांगितलं, तिन्ही मार्क वेगवेगळे लिहा म्हणून. २०१८ मध्ये त्यांच्याच मंडळींनी डोळ्यांच्या बाहुल्यांचा हिशोब पण जोडला, टॉर्च मारल्यावर एक बाहुली आकसत नसेल तर एक मार्क वजा, दोन्ही नसतील तर दोन वजा. आपल्याकडे रेफर चिठ्ठीवर बाहुल्यांचं काही लिहिलेलं असलं तर आम्हाला आनंद व्हायचा, इतकं ते कमी असायचं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटलं ते ब्लँटायर स्केल. आफ्रिकेत मलावी देशात ब्लँटायर नावाचं शहर आहे, तिथे माल्कम मॉलिनो आणि टेरी टेलर ह्या डॉक्टरांनी मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलांसाठी १९८० च्या दशकात ते तयार केलं, जी मुलं अजून बोलायला शिकली नाहीत त्यांच्यासाठी. फक्त पाच मार्क. दुखवलं तिकडे हात नेतो का, रडणं नीट आहे का नुसतं कण्हणं, आणि तिसरी गोष्ट, आईचा चेहरा हलला तशी नजर फिरते का. दोन किंवा खाली आला की कोमा. आमच्याकडे गडचिरोलीकडून मलेरियाची मुलं यायची तेव्हा एका मॅडमनी हे शिकवलं. आईला म्हणायचं, वाका, ह्याच्या तोंडासमोर चेहरा आणा, आता हळूच डावीकडे सरका. ती बाई श्वास रोखून सरकायची आणि आम्ही पोराच्या बुबुळांकडे बघत राहायचो. एखाद्या दिवशी ती बुबुळं अर्धा इंच सरकायची. तो एक मार्क मिळाला की अख्ख्या वॉर्डात कळायचं.

भाषेचं पण सांगते, हे कुठल्या तक्त्यात नाही. अहेरीकडचा एक माडिया मुलगा, सात-आठ वर्षांचा, ताप उतरत होता, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, आमच्या ड्युटीवरच्या सिस्टरनी लिहिलं 'असंबद्ध बडबड' म्हणून तीन मार्क. आजी खाली फरशीवर बसली होती, तिला मोडकं मोडकं मराठी यायचं, ती उठून म्हणाली, बाई थो पानी मांगून रायला. पोरगं शुद्धीवर होतं, त्याची भाषा आम्हाला कळत नव्हती आणि मार्क आम्ही त्याचे कापले. त्यानंतर मी बोलण्याचे मार्क घरच्या माणसाला विचारल्याशिवाय कधी दिले नाहीत.

आता चिठ्ठीचं. गावाकडून मूल येतं झटके येऊन. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, झटके थांबवायला मिडाझोलाम किंवा लोराझेपाम दिलं जातं, दिलंच पाहिजे, त्यात चूक काहीच नाही, कधी वरून फिनोबार्ब पण दिलेलं असतं. मग १०८ मध्ये टाकून दोन-तीन तास प्रवास. आमच्याकडे पोचतं तेव्हा मूल एकदम निपचित, जीसीएस ५. आता हे मेंदूच्या सुजेनं निपचित आहे का औषधाच्या गुंगीनं, का नुकताच झटका येऊन गेला म्हणून, हे कोण सांगणार? इंजेक्शन कधी दिलं, किती दिलं, देण्याआधी मूल कसं होतं, हे चिठ्ठीवर असलं तर कळतं, नाहीतर अंधारात चाचपडणं. नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतलेल्या मुलाचं तर बोलणंच बंद, तिथे बोलण्याच्या मार्काऐवजी 'टी', म्हणजे ट्यूब, लिहायचं असतं, पण लोक १ लिहितात आणि मुलाची बेरीज आपोआप खाली जाते. ह्या अडचणीसाठीच अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये फोर स्कोर काढला, त्यात बोलणं धरतच नाहीत, डोळे, हातपाय, बाहुल्या-खोकल्यासारखे रिफ्लेक्स आणि श्वासाची पद्धत, प्रत्येकी ४, एकूण १६. चंदीगडच्या पीजीआयमध्ये लहान मुलांवर तो वापरून बघितलेला आहे, आपल्याकडे मोठ्या आयसीयूत आता कुठे कुठे दिसतो.

आणि शुगर! बेशुद्ध मूल दारात आलं की पहिलं काम बोटाला टोचून शुगर. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला कितीतरी वर्षं उन्हाळ्यात पहाटे पहाटे मुलांना झटके येऊन मुलं बेशुद्ध व्हायची, मरायची, लोक मेंदूज्वर मेंदूज्वर म्हणत राहिले. २०१४ च्या साथीत नीट तपास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला, लिचीच्या फळात शुगर पाडणारे विषारी घटक असतात आणि रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना त्याचा तडाखा बसत होता. आमच्याकडे लिची नाही पण उपाशी, कुपोषित, दोन दिवस उलट्या झालेली मुलं आहेतच. कुपोषित मुलात ५४ च्या खाली शुगर गेली की धोका समजायचा. मी स्वतः २८ शुगरवालं मूल बघितलंय, चिठ्ठीवर जीसीएस ४ आणि 'डोक्यात ताप गेला' असं लिहिलेलं. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि माझ्या हातातली सिरिंज पूर्ण रिकामी व्हायच्या आत पोरीनं डोळे उघडून आईला हाक मारली. ती दोन तासाच्या रस्त्यानं आली होती, तिच्या गावच्या केंद्रात ग्लुकोमीटर होता, पट्ट्या संपल्या होत्या.

आता जे लिहायला मला इतकी वर्षं लागली ते लिहिते. एक अकरा वर्षांचा मुलगा पहाटे आणला, जमिनीवर झोपला होता, रात्री पोट दुखतं म्हणाला, मग पापण्या मिटायला लागल्या, मग बोलणं गेलं, मग श्वास. अंगावर खूण काही सापडत नव्हती. आला तेव्हा हातपाय गार, दुखवलं तर काही नाही, बाहुल्या मोठ्या, टॉर्चला हलत नाहीत. जीसीएस ३, म्हणजे सगळ्यात शेवटचा आकडा. डॉक्टरांना मण्यारचा संशय आला, सापाचं औषध दिलं, व्हेंटिलेटर लावला. दुसऱ्या रात्री मी त्याची कूस बदलत होते आणि बरोबरच्या सिस्टरला म्हणाले, ह्याचं काही खरं दिसत नाही गं. तीन दिवसांनी त्याचा अंगठा हलला. सहाव्या दिवशी नळी निघाली. आणि घसा बसलेल्या आवाजात तो मला म्हणाला, तुमी म्हनलं होतं ना माह्यं काही खरं नाही.

मण्यारच्या विषानं स्नायू लुळे पडतात, पापणी, जीभ, छाती, बाहुल्यांचे स्नायू सुद्धा, मेंदू मात्र आत जागा असू शकतो. मूल सगळं ऐकत असतं आणि बोटही हलवू शकत नाही. आपलं स्केल काय मोजतं तर शरीर बाहेर काय दाखवतं ते. त्या मुलाचा आकडा बरोबरच होता, त्यावरून मी जे बोलले ते चूक होतं, आणि त्याच्या कानाजवळ बोलले होते. त्या दिवसानंतर माझ्या वॉर्डात कोणत्याही बेडजवळ असलं वाक्य मी बोलू दिलं नाही, डॉक्टरांना सुद्धा नाही, हात जोडून बाहेर चला म्हणायचे. धोत्र्याच्या बिया खाल्लेल्या मुलांच्याही बाहुल्या अशाच मोठ्या होतात, ती बडबडतात, निपचित पडतात आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसात उठून भात मागतात.

म्हणून पुढे काय होणार हे आधी कारणावर असतं. झटक्यानंतरची गुंगी, शुगर, विषारी बिया, मलेरिया वेळेत सापडला तर, इथे आकडा खाली असून सुद्धा मुलं परत येतात, मेंदूच्या मलेरियातून वाचणारी मुलं तर कितीदा दोन दिवसात उठून बसलेली आम्ही बघितलीत. मलावीतच पुढे एमआरआय काढून बघितलं तेव्हा ज्या मुलांचा मेंदू फार सुजला होता तीच जास्त करून गेली, हे २०१५ मध्ये छापून आलं, आणि सूज काही नुसत्या आकड्यावरून दिसत नाही. उलट चांदीपुरासारखा विषाणू, जो १९६५ साली आपल्याच नागपूरकडे सापडला आणि तिथलंच नाव घेऊन जगभर गेला, तो बघता बघता मूल नेतो. २००३ ला आंध्रात त्याच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली त्यातली १८३ गेली, त्याच वर्षी आपल्याकडेही मुलं आली. तिथे सकाळी १२ असलेलं मूल दुपारी ६ वर येतं, सकाळच्या आकड्यावर विसंबून राहिलं की गेलं. दर तासाला मोजायचं आणि वेळ लिहायची, एका आकड्यापेक्षा तो कुठे चाललाय हे जास्त कामाचं.

आणि सगळीच मुलं उठतात असं मी म्हणत नाहीये, खोटी आशा दाखवणं पण पाप आहे. शेततळ्यात बुडालेली मुलं मी बघितली आहेत. त्यात मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही तो खरा प्रश्न असतो. प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरतो, चढता येत नाही, घरच्यांना कळतं तोवर वेळ गेलेला असतो. हृदय बंद पडून परत सुरू केलेल्या मुलात पहिल्या दिवशी निकाल द्यायचा नसतो, निदान तीन दिवस थांबायचं, गुंगीची औषधं अंगातून जाऊ द्यायची, मग बाहुल्या, हातपाय, ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख, जमलं तर एमआरआय, सगळं मिळून बघायचं, एकट्या कुठल्याही तपासणीवर बोलायचं नाही. एका चार वर्षांच्या मुलीचे वडील तीन दिवस रोज विचारायचे, आणि आमचे मोठे डॉक्टर रोज खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसायचे आणि सांगायचे, आज माहीत नाही, परवा संध्याकाळी आपण परत बसू. त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते वाईटच होतं. पण वडील म्हणाले, तुम्ही घाई केली नाही साहेब.

घाई केली की काय होतं ते शहरात कळत नाही. आमच्याकडे येणारा माणूस शेतमजूर, रोजी बुडालेली, गाडीभाड्यासाठी कर्ज काढलेलं, घरी दुसरं लहान मूल शेजारणीकडे. त्याला पहिल्या रात्री कोणी म्हणालं की "काही उपयोग नाही", तर तो सकाळी अंगठा देऊन पोराला घरी घेऊन जातो. मग ते मूल घरी जातं ते जातंच, आणि आपण म्हणतो बघा आम्ही सांगितलंच होतं. त्यातली किती उठली असती हे कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही. माझ्या आठवणीत असे चेहरे आहेत, त्यांची संख्या मी मोजलेली नाही, मोजवतही नाही.

अजून एक, सिरियलमध्ये कोमातला माणूस ताडकन उठतो आणि आई म्हणतो, तसं नसतं. आधी डोळे उघडतात पण नजर लागत नाही, घरचे आनंदाने पेढे आणायला निघतात आणि आम्हाला त्यांना थांबवावं लागतं. मग झोपेचं चक्र येतं, मग नजर चेहऱ्यामागे फिरते, मग चमच्यातलं पाणी गिळतं, महिने जातात कधी. आणि घरी गेल्यावर? आमच्या कागदावर 'बरा होऊन डिस्चार्ज' एवढंच. तेच मूल शाळेत पाढे विसरतं, चिडतं, मारतं, झटके सुरू होतात, मास्तर म्हणतात लक्ष देत नाही. सहा महिन्यांनी, वर्षानी त्या मुलाला परत बोलावून नीट तपासलं तरच आपल्याला कळणार ना की आपला अंदाज किती खरा होता. व्यायामासाठी, बोलायला शिकवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी माणूस पाहिजे, बहुतेक ठिकाणी पद आहे माणूस नाही.

आरोग्य खात्यातलं कोणी हे वाचत असेल तर माझं मागणं फार खर्चाचं नाही. प्रत्येक पीएचसीत लहान मुलांचा तक्ता मराठीत भिंतीवर, चालू टॉर्च, शुगरच्या पट्ट्या संपायच्या आधी नवीन, आणि एएनएम, सिस्टर, १०८ चे डॉक्टर सगळ्यांना एक दिवस एकत्र बसवून हे हातानं करून दाखवणं, नुसतं पीपीटी नाही. आणि संपादक साहेब, तुमच्या वार्ताहरांना पण सांगा की "आशा सोडली" लिहिण्याआधी कोणी सोडली आणि कितव्या दिवशी हे विचारा, ती बातमी त्या आईला कोणीतरी मोबाईलवर वाचून दाखवतं.

आमच्या वॉर्डात आम्ही सिस्टरांनी वर्गणी काढून एक रबरी शिक्का करून घेतला होता. त्यात आठ रकाने आहेत, वेळ, डोळे, आवाज, हातपाय, बाहुल्या, शुगर, झटका कधी आला, शेवटचं इंजेक्शन किती वाजता. केसपेपरवर मारायचा आणि भरायचा, दोन मिनिटं लागतात. रिटायर होताना मुलींनी नवीन करून घेतला आणि जुना मला दिला, कडा झिजल्यात पण छाप अजून स्वच्छ उमटते. माझा पत्ता तुमच्या कार्यालयात देऊन ठेवते, ज्या कुठल्या पीएचसीला किंवा ग्रामीण रुग्णालयाला हवा असेल त्यांनी कळवावं, मी कागदावर छाप मारून पोस्टानं पाठवते, गावातला कोणीही शिक्केवाला त्यावरून करून देईल.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, चंद्रपूर जिल्हा